कोणता उपचार सरस? तुलनात्मक संशोधन वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत एखाद्या औषधाला परवानगी मिळाली म्हणजे ते जुन्या औषधाहून सरस ठरले, असा समज करून घेऊ नये. परवानगीसाठीच्या अनेक चाचण्यांत तुलना केवळ औषधी द्रव्य नसलेल्या गोळीशी असते. प्रचलित उपचार समोरासमोर ठेवून कोणत्या रुग्णाला कोणता लाभतो, हे पाहण्याचे काम तुलनात्मक परिणामकारकता संशोधन करते. त्यासाठी तेथे २००९ मध्ये ११० कोटी डॉलरची तरतूद झाली आणि २०१० च्या आरोग्यसेवा सुधारणा कायद्याने ‘पीकोरी’ ही संस्था स्थापन झाली.

या संशोधनाला खर्चकपातीचे गोंडस नाव समजणे हीदेखील चूकच. दर्जेदार आयुष्याच्या एका वर्षामागे अमुक इतके डॉलर, अशी मर्यादा आखून उपचारांची शिफारस करण्यास कायद्यानेच पीकोरीला मनाई केली आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची शिफारस करणारी ‘नाइस’ ही संस्था मात्र असा हिशेब उघडपणे मांडते. तरीही किमतीचा प्रश्न मागच्या दाराने येतोच. वयोमानाने होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकारावर तेव्हा सुमारे ५० डॉलरला मिळणारे बेव्हासिझुमॅब सुमारे २,००० डॉलरच्या रॅनिबिझुमॅबइतकीच दृष्टी टिकवते, असे २०११ मध्ये ‘कॅट’ चाचणीत दिसले. मात्र बेव्हासिझुमॅब घेणाऱ्यांत रुग्णालयात दाखल होण्यासारख्या गंभीर घटना काहीशा अधिक आढळल्या, हा निष्कर्षाचा दुसरा भाग सांगताना सोयीस्करपणे गाळला जातो.

चाचणीत कोणते रुग्ण होते, हे न पाहता निष्कर्ष सर्वांना लावणे तर धोक्याचेच. २००७ च्या ‘करेज’ चाचणीत स्थिर हृदयविकाराच्या २,२८७ रुग्णांमध्ये औषधोपचाराला अँजिओप्लास्टीची जोड दिल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्यावरून ‘स्टेंट निरुपयोगी’ म्हणणाऱ्यांनी, प्रत्यक्ष झटका आलेल्या रुग्णाचे प्राण तातडीच्या अँजिओप्लास्टीने वाचू शकतात, हे विसरू नये.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक धोरणकर्त्यांची आहे: निष्कर्ष प्रसिद्ध झाला की डॉक्टर आपोआप बदलतील, असे ते धरून चालतात. ३३ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘ऑलहॅट’ चाचणीने २००२ मध्ये क्लोरथॅलिडोन ही लघवीचे प्रमाण वाढवणारी स्वस्त जुनी गोळी रक्तदाबावरील महागड्या औषधांच्या तोडीस तोड ठरवली, तरी त्या वर्गातील औषधांचा वापर बेताचाच वाढला. तिचा प्रचार करणारी श्रीमंत कंपनी मागे नव्हती. त्यातच प्रत्येक प्रक्रियेमागे वेगळे शुल्क मिळत असेल, तर ‘ही प्रक्रिया टाळता येईल’ असे सांगणारा अहवाल रुग्णालयाच्या उत्पन्नावरच घाला घालतो. म्हणून संशोधनाला निधी देताना शुल्काची ही पद्धतही त्याच कायद्याच्या मसुद्यात हाताळावी लागते.