समोरचा हलला की मुलं करतात त्या चुका

नाशिकमध्ये जिल्हा पातळीची कुठलीही बॉक्सिंग स्पर्धा बघा, एक प्रकार हमखास दिसतो. एखाद्याचा उजवा पंच नीट बसतो, समोरच्याचे गुडघे लटपटतात, बाहेरून "मार, मार" सुरू होतं आणि जिंकत आलेला मुलगा वर्षभर शिकलेलं सगळं अर्ध्या मिनिटात विसरतो. समोरच्याला हलवणं हे एक काम आणि हललेल्याला संपवणं हे दुसरं. पहिलं ताकदीवर जमून जातं. दुसऱ्याला शांत डोकं लागतं, आणि ते शिकवावं लागतं.

डोक्यावर पंचांचा पाऊस

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. नाशिकरोडला एका स्पर्धेत आमचा सिडकोतला मुलगा दुसऱ्या राउंडपर्यंत सरळ पुढे होता. राउंड संपत आला असताना त्याचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, समोरच्याच्या कानशिलापाशी बसला. त्या मुलाचा मागचा पाय टाचेवर गेला, तो रोपला टेकला आणि दोन्ही ग्लोव्ह्ज गालांना चिकटवून वाकला. आमचा त्याच्यावर तुटून पडला. उजवा, डावा, उजवा, डावा, सगळे डोक्यावर, सगळे लांबून फिरवलेले आणि पूर्ण ताकदीचे. मी कॉर्नरमधून बघत होतो. पंच पडत होते ग्लोव्ह्जवर, दंडांवर, कोपरांवर. आमच्या मुलाचे ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. म्हणजे तो श्वासच घेत नव्हता. स्वच्छ पंच एकही बसत नव्हता, त्यामुळे रेफरीने लढत थांबवून मोजणीही (काउंट) केली नाही. बेल झाली. स्टुलावर बसल्यावर त्याचे दोन्ही हात मांड्यांवर पडले ते वर येईनात, पाणीसुद्धा मी पाजलं. तिसऱ्या राउंडमध्ये समोरच्याने नुसत्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ पंचांवर, लढत काढून नेली.

त्या मुलाकडे ताकद भरपूर होती, ती गेली बंद दारावर. मार लागलेला माणूस आधी डोकं झाकतो, ती उपजत प्रतिक्रिया आहे. डोकं झाकलं की कोपरं वर जातात आणि बरगड्या उघड्या पडतात. यकृत उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या कडेशी असतं. तिथे डावा हुक, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला पंच, नीट बसला तर कितीही जिद्दी मुलगा उभा राहू शकत नाही, कारण शरीर ऐकतच नाही. 2004 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डे ला होयाला नवव्या राउंडमध्ये अशाच एका डाव्या हुकने खाली बसवलं. डे ला होया पूर्ण शुद्धीवर होता, तरी काउंट संपेपर्यंत उठू शकला नाही.

म्हणून पॅडवर (माझ्या हातातल्या गाद्यांवर) सराव घेताना माझी एक सवय आहे. मध्येच ओरडतो, "हलला!" मुलाने लगेच श्वास सोडायचा, अर्धं पाऊल मागे घ्यायचं, एक जॅब टाकायचा आणि मग पोटावर जायचं. वर परत यायचं ते समोरच्याचे हात खाली आले तरच. जो "हलला" ऐकून हुकांची फैर सुरू करतो, त्याचा राउंड पुन्हा पहिल्यापासून. मुलं चिडतात. चिडू देत.

अर्धं पाऊल मागे का, हा प्रश्न नव्या मुलांकडून नेहमी येतो. एक म्हणजे अगदी चिकटून पंच पोहोचत नाही. दुसरं, घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि जवळ गेलात की आयते सापडता. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: मागे आलात की दिसतं. मोकळं काय आहे, रोप कुठे आहे, तो कुठल्या बाजूला निसटणार आहे. 2023 मध्ये नाओया इनोउने स्टीफन फुल्टनला आठव्या राउंडमध्ये थांबवलं, ती लढत माझ्या मुलांना मी पुन्हा पुन्हा दाखवतो. आधी पोटावर जॅब, मागोमाग वर उजवा, मग डावा हुक. घाई कुठेही नाही. जो लुईसचंही तसंच. 1938 मध्ये त्याने मॅक्स श्मेलिंगला 124 सेकंदांत संपवलं. त्याचा वेग सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण त्याचे पंच किती आखूड होते ते बघा. ग्लोव्ह गालापासून निघतो आणि गालाशी परत येतो.

हललेला म्हणजे संपलेला नव्हे

ही दुसरी चूक, आणि हिच्यापायी जगज्जेतेपदं गेली आहेत. 1941 मध्ये बिली कॉन हा वजनाने बराच हलका मुष्टियोद्धा हेवीवेट जगज्जेत्या जो लुईसविरुद्ध बारा राउंडनंतर गुणांवर पुढे होता. बाराव्यात त्याने लुईसला हलवलं आणि तेराव्यात नॉकआउटच्या मागे लागला. राउंड संपायला दोन सेकंद असताना तो स्वतः खाली होता. 2019 मध्ये न्यूयॉर्कला अँथनी जोशुआने अँडी रुइझला तिसऱ्या राउंडमध्ये पाडलं. रुइझ उठला, जोशुआ काम उरकायला धावला, आणि त्या देवाणघेवाणीत रुइझचा डावा हुक त्याच्या कानशिलावर बसला. त्याच राउंडमध्ये जोशुआ दोनदा पडला, सातव्यात लढत थांबली आणि जोशुआचे जगज्जेतेपदाचे पट्टे गेले.

दोघांची चूक एकच. मारताना ते मार खाण्याच्या अंतरात उभे राहिले. घाईत पाय समांतर येतात, हनुवटी वर जाते, पंच मारलेला हात कमरेच्या उंचीवरून परत येतो. समोरचा तेवढ्याचीच वाट बघत असतो. पाय हललेला असला तरी त्याचा हात अजून चालतो. माझ्याकडे यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. दर तिसऱ्या पंचानंतर डोकं मध्यरेषेवरून बाजूला. बॅगवर, पॅडवर, आरशासमोर. फोनवर नॉकआउटच्या क्लिपा बघून आलेली मुलं आठवड्याभरात विचारतात, "सर, फिनिशिंग कधी शिकवणार?" हेच फिनिशिंग आहे. ज्याला पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढवत नाहीत, त्याने तो विषय काढूच नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. तोंडाकडे बघून अंदाज बांधू नका, तोंड नाटक करतं, पाय करत नाहीत. रोपला लागलेल्याला बाजूने निसटू देऊ नका. तो ज्या बाजूला सरकतो त्या बाजूने हुक टाका आणि पाऊलही तिकडेच. प्रेक्षकांकडे बघायचं नाही, कधीच. मिठी मारली तर हात ओढाताणीत दमवू नका, रेफरी सोडवेपर्यंत श्वास भरून घ्या.

पाडल्यावर न्यूट्रल कॉर्नरला, म्हणजे दोघांपैकी कुणाचाच नसलेल्या कोपऱ्याला, धावत जा. 1927 मध्ये शिकागोला जॅक डेम्प्सीने सातव्या राउंडमध्ये जीन टनीला पाडलं आणि तिथेच उभा राहिला. तो कॉर्नरला जाईपर्यंत रेफरीने मोजणी सुरू केली नाही. टनीला दहापेक्षा जास्त सेकंद मिळाले, तो नऊच्या मोजणीला उठला आणि दहा राउंडची लढत गुणांवर जिंकला. इतकी जुनी गोष्ट, तरी आमची मुलं आजही पडलेल्याच्या डोक्यावर उभी राहतात.

आणि हे सगळं स्पॅरिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत, करायचं नाही. स्पॅरिंगमध्ये जोडीदार हलला की हात खाली आणि मागे. "सर, जरा मारू दे, सवय होईल" म्हणणाऱ्याला मी त्या दिवशी रिंगमधून बाहेर काढतो. ज्याला लागलं त्याचेही ग्लोव्ह्ज तिथेच उतरतात, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणू दे. हेडगार्डने कातडी फाटणं कमी होतं, आत मेंदूला बसणारा धक्का थांबत नाही. मुलगा तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, त्याला उलटी झाली किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर झोपवून बघू म्हणत थांबायचं नाही. घरी फोन करायचा आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो फक्त दुसऱ्यांच्या दोरीवरच्या उड्या मोजायला क्लबात येतो, रिंगमध्ये नाही.