बारीक, चपट्या केसांना उठाव कसा मिळाला

माझे केस बारीक असल्याने टाळूचे तेल त्यांवर लवकर पसरते आणि मुंबईच्या दमट हवेत ते दुपारपर्यंत डोक्याला चिकटतात. खरा उपयोग झाला तो मूसचा, म्हणजे केसांना आकार देणाऱ्या फेसाचा: धुतलेले केस टॉवेलने टिपून, ते ओलसर असतानाच, लिंबाएवढा फेस बोटांनी मुळांशी लावायचा, मान खाली घालून केस ड्रायरने वाळवायचे आणि शेवटी थंड हवेचा झोत द्यायचा. ओल्या केसांतील सैल झालेले हायड्रोजन बंध (केसांतील प्रथिनांना एकमेकांशी जोडणारे नाजूक दुवे) वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात आणि मूसमधील पॉलिमरचा (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचा) पातळ थर तो आकार धरून ठेवतो. म्हणूनच कोरड्या केसांवर मूस चोपडून फारसे साधत नाही. कंडिशनर मी केवळ टोकांना लावते. सिलिकॉनयुक्त जड सीरम मात्र मुळांपासून दूरच ठेवावे, कारण केसांना आलेला उठाव त्याच्या वजनाने बसतो.