मिलानची सहल आणि मोंझाची शर्यत

इटालियन ग्रां प्री ही फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत साधारणपणे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या रविवारी मोंझा येथे होते, आणि मिलानहून मोंझा रेल्वेने अगदी जवळ असल्याने एकाच सहलीत शहर व शर्यत दोन्ही साधतात. मात्र नियोजनाचा क्रम चुकवू नये. आधी शर्यतीचे तिकीट, मग मुक्काम आणि त्यानंतर इटलीसह बऱ्याच युरोपीय देशांत चालणारा शेंगेन व्हिसा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्याला किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा जोडावा लागतो.

मुक्काम मोंझात न करता मिलानमध्ये, शक्यतो चेंत्राले किंवा पोर्ता गारिबाल्दी स्थानकाजवळ करावा, कारण मोंझाच्या गाड्या तिथूनच सुटतात. शुक्रवारचा सराव चुकला तरी फारसे बिघडत नाही. तो दिवस शहराला द्यावा. लिओनार्दोचे ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र पाहायचे असेल, तर वेळ बऱ्याच आधी राखून ठेवावी लागते, आत जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात आणि सोमवारी ते बंद असते. ‘शर्यत झाल्यावर सोमवारी निवांत पाहू’ असे ठरवणाऱ्यांची गाठ नेमकी बंद दाराशी पडते.

शनिवारी गाड्यांचा सुरुवातीचा क्रम ठरवणारी पात्रता फेरी दुपारनंतर असली, तरी सकाळीच निघावे. १९२२ साली बांधलेला हा ट्रॅक मोठ्या उद्यानात असल्याने प्रवेशद्वारापासून आपल्या जागेपर्यंत बरेच चालावे लागते. नवे बूट या दिवशी घालू नयेत. वाटेत झाडीमध्ये जुन्या ट्रॅकचे काँक्रीटचे तिरके वळण दिसते. त्याच्या पायथ्याशी उभे राहून वर चढण्याचा प्रयत्न करावा: चार-पाच पावलांतच पाय घसरू लागतात, आणि १९६१ पर्यंत फॉर्म्युला वनच्या गाड्या इथून धावत होत्या यावर विश्वास बसत नाही.

जागा निवडताना सरळ रस्त्याच्या कडेची स्वस्त जागा टाळावी, असे माझे मत आहे; तिथे गाडी दिसते न दिसते तोच निघून जाते. त्याऐवजी पहिल्या वळणाजवळ बसावे, जिथे ताशी ३३० किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या गाड्या काही क्षणांत शंभराच्याही खाली येतात. कानात घालायचे बोळे विसरू नयेत.

रविवार पूर्णपणे शर्यतीचा. ५.७९३ किलोमीटरच्या ५३ फेऱ्या साधारण सव्वा तासात आटोपतात, पण लगेच स्थानकाकडे धावू नये. फाटके उघडली की लाल झेंडे घेतलेले फेरारीचे चाहते ट्रॅकवर उतरतात आणि ट्रॅकवर पुढे आलेल्या विजयमंचाखाली जमतात. त्यांच्यात मिसळावे, गर्दी ओसरू द्यावी आणि उशिराची गाडी पकडावी. त्या रात्रीचे परतीचे विमान आरक्षित करणे म्हणजे विकतचे दुखणे.

सोमवारी दुओमोचे, म्हणजे मिलानच्या मुख्य चर्चचे, छप्पर पाहावे. खांदे झाकणारे कपडे हवेत, आणि दोन दिवस चालून पाय भरून आले असतील, तर जिन्यापेक्षा थोडे महाग असले तरी लिफ्टचेच तिकीट काढावे.