माळा एका रविवारात आवरत नाही : घर आवरताना या चुका टाळा

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या भिशीत आम्ही पाच जणी. सहा वर्षांपूर्वी भिशी उघडून झाल्यावर एक जण म्हणाली, "घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि एकटीने हात घालायचा धीर होत नाही." पुढच्या शनिवारी आम्ही दोघी तिच्याकडे जाऊन बसलो. तेव्हापासून हे चालू आहे. एका वेळी एक खण, शेजारी एक सोबतीण. आमची पाच घरं, शिवाय बहिणी, जावा, शेजारणी मिळून पुष्कळ माळे, दिवाण आणि ट्रंका मी जवळून पाहिल्या. घरं वेगळी असली तरी चुका त्याच त्याच होतात, आणि त्या पुन्हा पुन्हा पाहून जीव थकतो, म्हणून लिहिते आहे.

सगळं एकदम खाली काढणं

नवीन माणसाला घाई असते. एका दिवसात घर लख्ख झाल्याचे व्हिडिओ पाहायचे, सुट्टी टाकायची आणि सकाळी नऊला अख्खा माळा हॉलमध्ये ओतायचा. माझ्या भाचीने गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये हेच केलं. दुपारी मुलगी शाळेतून आली तर तिला जेवायला बसायलाही जागा नव्हती. रात्री गाद्या घालायच्या म्हणून सगळं मोठ्या पिशव्यांत कोंबून बाल्कनीत ठेवलं, आणि दोन दिवसांनी परतीचा पाऊस आला. लग्नाचा अल्बम खालच्या पिशवीत होता. पानं एकमेकांना चिकटली, ती सोडवताना फोटोंवरचे चेहरे निघून आले. त्यानंतर आठ महिने तिने एकाही कपाटाला हात लावला नाही.

माझी सवय सांगते. निवडून झाल्यावर त्याच बैठकीत जागेवर किंवा दाराबाहेर जाईल, तेवढंच खाली काढायचं. बहुतेक वेळा तो एकच खण असतो. मी संध्याकाळी बसते आणि पिशवी दाराबाहेर ठेवते, म्हणजे सकाळी घंटागाडी आली की ती लगेच जाते. रात्रभर घरात राहिलेल्या पिशवीतून निम्म्या वस्तू परत कपाटात जातात, हे मी सगळ्या घरांत पाहिलं आहे. आणि सुरुवात चमच्यांच्या खणापासून करा. फोटो, पत्रं आणि गेलेल्या माणसांचे कपडे पहिल्या महिन्यात काढूच नका.

डबे आधी विकत आणणं

आणू नका. आधी काय उरतं ते पाहा.

पावसाळ्यात ट्रंका उघडणं

नाशिकच्या आषाढ-श्रावणात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. जुन्या वाड्यांच्या भिंतींना तर हात लावला तरी ओल लागते. अशा हवेत लोकरीचे आणि जरीचे कपडे बाहेर काढून परत ठेवले की बुरशी धरतेच. घट बसायच्या आधी घर धुवायची आपली रीत आहे, गोधड्या-चादरी धुवायला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, त्या दिवसांत गर्दी होते. ते धुणं वेगळं आणि ट्रंक निवडणं वेगळं. ट्रंक होळीनंतर काढावी, तेव्हा ऊन हवं तेवढं असतं.

पिशव्या मोजणं

ही चूक आमच्या गटानेच केली, आणि ती पूर्ण सांगायला हवी.

सुरुवातीला रोज रात्री व्हॉट्सअॅपवर आम्ही आकडा टाकायचो. आज दोन पिशव्या, आज चार. बाकीच्या टाळ्या द्यायच्या. पंधरा दिवसांत त्याची शर्यत झाली. आमच्यातली एक स्वभावाने हळू. प्रत्येक कागद वाचणारी. तिचा आकडा कायम मागे असायचा. एका रात्री तिने दिवाणाखालचा दिवाळी अंकांचा आणि कॅलेंडरांचा गठ्ठा न उलगडता बांधला आणि सकाळी रद्दीत घातला. त्या दिवशी तिने पाच पिशव्यांचा फोटो टाकला आणि आम्ही तिचं तोंडभरून कौतुक केलं.

चौथ्या दिवशी तिच्या यजमानांनी विम्याची फाइल मागितली. ती त्या गठ्ठ्यात होती. आम्ही तिघी रद्दीच्या दुकानात दुपारी दोनपासून बसलो. दुकानदार बिचारा एकेक गठ्ठा सोडून देत होता. संध्याकाळपर्यंत एक जुनं पासबुक आणि मुलाची दहावीची गुणपत्रिका मिळाली. पॉलिसीचा मूळ बाँड गेला तो गेलाच. दुय्यम प्रत मिळते, पण त्यासाठी अर्ज, इंडेम्निटी बाँड म्हणजे नुकसानभरपाईचं हमीपत्र, आणि हेलपाटे. त्या सगळ्या दिवसांत ती एकच वाक्य म्हणायची, "मी रोज वाचते, त्याच दिवशी कसं नाही वाचलं?" तिला आम्ही घाई करायला लावली होती.

तेव्हापासून आमच्यात आकडा टाकत नाहीत. रिकाम्या किंवा आवरलेल्या खणाचा फोटो टाकायचा, मग तो वीतभर का असेना. आणि कोणी महिनाभर काही टाकलं नाही तर तिला गटात विचारायचं नाही. तिच्या घरी चहाला जायचं.

कागदांपुरतं आणखी सांगते. कागद हा सगळ्यांत शेवटचा खण, आणि तो घरातल्या दोन माणसांनी मिळून काढायचा. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विम्याचे बाँड, जन्म-मृत्यूचे दाखले हे एका पिशवीत आणि ती पिशवी उंचावर. गंगेकाठच्या लोकांना उंचावर का, हे सांगावं लागत नाही. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलेलं त्यांनी पाहिलं आहे. वडिलांच्या फाइलमध्ये कंपन्यांचे कागदी शेअर निघाले तर ते जुने म्हणून फाडू नका. १ एप्रिल २०१९ पासून असे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यातल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीत, करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतलाच नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, पण वारसाला अर्ज करून ते परत मागता येतात. एक पिवळा पडलेला कागद म्हणजे कुणाची तरी आयुष्यभराची बचत असू शकते.

दुसऱ्याची वस्तू त्याच्या पाठीमागे काढणं

ही चूक माझी आहे. मला तिचं अजून वाईट वाटतं.

आमच्या जिन्याखाली सासूबाईंचा तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे घालायचा, खाली राखेचं दार असलेला, तोटीजवळ पोचा आलेला. गीझर आल्यापासून त्यात पाणी तापलं नव्हतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आठ दिवस सिन्नरला माझ्या नणंदेकडे गेल्या आणि मला जोर चढला. मैत्रिणी म्हणाल्या, "त्या असताना निघणार नाही, आत्ताच काढ." मी रिक्षात घालून तो भांडी बाजारात नेला, मोडीत दिला आणि आलेल्या पैशांत स्टीलचा रॅक घेतला.

आई परत आल्या. रॅककडे पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. रागावल्या नाहीत. संध्याकाळी देवापाशी बसल्या असताना एवढंच म्हणाल्या, "अगं, त्यावर माझं नाव होतं."

बंबाच्या मागच्या बाजूला, धुराने काळ्या झालेल्या भागात, ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. मी ते कधी वाचलंच नव्हतं. त्यांच्या वडिलांनी लग्नात भांडी देताना मुलीचं नाव घालून घेतलं होतं. लग्नात इथे त्यांचं नाव बदललं. माहेरचं नाव या घरात फक्त त्या बंबावर लिहिलेलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. मोड आदल्या आठवड्यातच पुढे गेली होती.

त्यानंतर आईंनी ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. दोन वर्षं त्यांनी एक वाटीसुद्धा काढू दिली नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा विश्वास एकदा गेला की आवरायचं कामच थांबतं, आणि ते थांबणं रास्त आहे.

किल्ली परत निघाली ती गुरुवारच्या दुपारी. मी नुसती शेजारी बसायला लागले. "आई, हे कुणी दिलं?" एवढंच विचारायचं. त्या सांगायच्या, मी भांडं उलटं करून नाव वाचायचे आणि वहीत लिहायचे. कुणाच्या बारशाला आलं, कुणी गेल्यावर वाटून आलं, सगळं. काही महिन्यांनी त्या आपणहून म्हणाल्या, "ही परात धाकटीला दे, तिच्याकडे माणसं जास्त येतात." सांगून झालेल्या वस्तू त्यांच्या हातून सुटत गेल्या. सोबत करणाऱ्याने विचारावं, ऐकावं आणि गप्प बसावं. हात वस्तूच्या मालकाचाच लागायला हवा. आणि नाव वाचल्याशिवाय एकही भांडं मोडीत घालायचं नाही, मग त्याला कितीही पोचे आलेले असोत.

काही लहान चुका

फाटकं आणि मळकं दान म्हणून देऊ नका. घेणाऱ्यालाही मान असतो. पुस्तकांचंही तेच. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, पण ते असो की गल्लीतलं, आधी यादी दाखवा, विचारा, मगच गठ्ठे न्या. जुनी गाइडं कुणालाच नको असतात.

देवाचे जुने फोटो पिंपळाखाली किंवा गोदावरीत ठेवू नका. काच आणि चौकट वेगळी करा, कागद पाण्यात भिजवून घरच्या कुंडीतल्या मातीत मिसळा. मी नमस्कार करून तसंच करते.

मुदत संपलेली औषधं, सेल, ट्यूब सुक्या कचऱ्यात घालू नका, घंटागाडीवर वेगळं सांगून द्या. वायरी तांब्यासाठी जाळू तर मुळीच नका.

सुती साड्या दोन गोधड्यांपुरत्या ठेवा. गोधडीसाठी म्हणून सिंथेटिक साड्या ठेवू नका.

आई आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. ट्रंक अजून तळापर्यंत गेलेली नाही. येत्या गुरुवारी लुगड्यांची थप्पी काढायची ठरली आहे. त्यातलं एक इरकली त्यांनी आत्तापासूनच बाजूला ठेवायला सांगितलं आहे, आणि ते का, हे गुरुवारी सांगणार आहेत.