जास्वंदीवर मावा दिसला? आधी मुंग्यांची वाट अडवा

पौषातली थंडी, सकाळचं धुकं आणि मध्येच दोन-तीन दिवस ढगाळ हवा आली की परसातल्या झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, हमखास दिसतो. कण्हेरीवर पिवळा, गुलाबाच्या कळ्यांवर हिरवट, लिंबाच्या पालवीवर काळपट. जास्वंदीची पानं आत वळतात, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. खालची पानं चिकट होतात आणि त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते.

लगेच फवारणीचा पंप शोधू नका. आधी खोड बघा. मुंग्यांची रांग वर-खाली सुरू असेल तर कामाला तिथूनच लागायचं. मावा झाडाचा रस शोषतो आणि त्यातली जास्तीची साखर गोड थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. मुंग्या हे थेंब पितात आणि माव्याची राखण करतात. लेडीबर्ड भुंगेरे, सिरफिड माशीच्या अळ्या, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट कीटक) हे माव्याचे खरे शत्रू, पण पहाऱ्यावरच्या मुंग्या त्यांना हुसकावून लावतात.

खोडाभोवती चार बोटं रुंद कापडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका, साल खराब होते. धूळ बसली की ते पुन्हा लावावं लागतं. भिंतीला, तारेला, शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटायला मात्र विसरू नका. एक फांदी टेकलेली राहिली तरी पट्टी वाया गेली! कुंडीच्या मातीतच वारूळ असेल तर कुंडी पाण्याच्या टबात तासभर बुडवून ठेवा, मुंग्या बिऱ्हाड हलवतात.

वारूळ सापडत नसेल तर टाकणखाराचं (बोरॅक्सचं) आमिष चालतं. 100 मिलि पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम टाकणखार विरघळवून कापसाचा बोळा भिजवायचा आणि छिद्रं पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवायचा. टाकणखार वाढवला तर मुंग्या वाटेतच मरतात, आमिष वारुळापर्यंत पोहोचत नाही. डबी मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

आता मावा. पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा, निम्मं काम तिथेच होतं. फार भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात टाका. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लंच घालते आणि आठवडा-दहा दिवसांत त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. म्हणून एका फवारणीवर थांबता येत नाही, सात-आठ दिवसांनी पुन्हा मारावीच लागते. 5 टक्के निंबोळी अर्क घरी होतो: 50 ग्रॅम निंबोळी भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा, मग ऊन उतरल्यावर सगळ्या झाडावर.

गर्दीत फुगलेले, तपकिरी, कडक झालेले मावे दिसले तर तेवढी पानं राहू द्या. त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते, ती बाहेर पडून उरलेल्या माव्यात अंडी घालते. एवढी फुकटची मदत औषधाने का मारायची? कढीपत्ता, तुळस, लिंबू अशा पोटात जाणाऱ्या झाडांवर आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) रासायनिक औषध तर मारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

युरियाचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पालवी फुटते आणि मावा तिच्यावरच तुटून पडतो. कुजलेलं शेणखत पुरे.

माघी गणपतीला जास्वंदीची फुलं हवी असतील तर मावा धरलेल्या कळ्या आताच काढून टाका आणि नव्या कळ्या धरल्या की पाण्याच्या फवाऱ्यावरच भागवा.