पेमेंट सोडण्याआधी फोन उचला

अंधेरी एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत मी अकाउंट्स बघते. आमच्याकडे नवीन कुणी रुजू झालं की टॅलीच्या आधी मी त्यांना इनबॉक्स कसा वाचायचा ते शिकवते.

लॉटरीचे, कर्जाचे मेल सोडून द्या. ते कुणालाही कळतात. स्पॅममध्ये टाका आणि पुढे व्हा. फक्त अनोळखी मेलखालचं ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका. मेल बघणारं माणूस आहे, एवढी खात्री आपणच त्यांना देऊन बसतो.

खरा घोळ होतो तो ओळखीच्या पार्टीच्या मेलमुळे. वसईच्या सप्लायरचा मेल येतो: ‘आमच्या जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या बिलाचं पेमेंट नव्या खात्यात करा.’ बिल नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, सोबत नवं लेटरहेड. आधी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवले की घाईत फरक दिसत नाही. ‘रिप्लाय’ दाबल्यावर भलताच पत्ता येतोय का, तेही बघा.

पण पत्ता बरोबर निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका. कित्येकदा चोर त्या पार्टीच्याच मेलबॉक्समध्ये शिरलेला असतो. तो जुना पत्रव्यवहार वाचतो आणि त्याच मेलला उत्तर देतो. मग पत्ताही खरा आणि खालचं सगळं बोलणंही खरं; खोटा फक्त खाते क्रमांक. म्हणून आमच्याकडे नियम एकच: खातं बदललं की फोन. तोही मेलच्या सहीखालच्या नंबरावर नाही, आपल्या फाइलमधल्या जुन्या नंबरावर, ज्या माणसाशी नेहमी बोलतो त्याच्याशी. एनईएफटी-आरटीजीएस करताना बँका आता खातेदाराचं नाव दाखवतात, तेही वाचा. मात्र मिळत्याजुळत्या नावाचं खातं उघडणारेही असतात, त्यामुळे नाव जुळलं तरी फोन टळत नाही.

दुसरा प्रकार साहेबांच्या नावाचा. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, हे अर्जंट सोड.’ बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांचं लक्ष लोकलच्या वेळेकडे असताना. साहेबांना कसं विचारायचं, या संकोचावर चोरांचा सगळा धंदा चालतो. बेधडक विचारा. मी विचारते, आणि आजवर एकही साहेब रागावलेले नाहीत.

इन्कम टॅक्सच्या नावाने नोटीस आली तर मेलमधली लिंक उघडू नका. ऑक्टोबर 2019 पासून इन्कम टॅक्स खात्याच्या पत्रांवर डीआयएन हा पत्राची ओळख पटवणारा क्रमांक असतो. ब्राउझरमध्ये खात्याची वेबसाइट स्वतः टाइप करा आणि तिथे तो तपासा. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. जोडलेली फाइल झिप किंवा एचटीएमएल असेल, किंवा एक्सेल उघडल्यावर ‘एनेबल कन्टेन्ट’ मागत असेल, तर तिथेच थांबा आणि आयटीवाल्याला बोलवा.

चुकून क्लिक झालंच तर लपवू नका, ओरडणारे ओरडू देत. मशीनची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, आयटीला कळवा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. मेलच्या सेटिंगमध्ये एखादा नवा फॉरवर्डिंगचा नियम बसलाय का, ते आवर्जून बघा. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो आणि तुमचे मेल बाहेर जातच राहतात.

पैसे गेले असतील तर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, हातात घेऊन आधी बँकेला फोन, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. ‘सोमवारी बघू’ म्हणू नका. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवले गेले तरच हाती लागण्याची आशा. तो मेल डिलीट करू नका. आयटीला पाठवतानाही नुसता फॉरवर्ड न करता अटॅचमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मेल कुठून आला ते सांगणारं मूळ हेडर हरवतं.

आणि त्या वसईच्या पार्टीला फोन करून सांगा. त्यांचा मेलबॉक्स फुटला असेल तर त्यांच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही तोच मेल गेला असणार.