ठाणे-नवी मुंबईत आरोग्यासाठी मदत करणाऱ्या संस्था शोधताय? या चुका टाळा

घरातलं कुणी आजारी पडलं की आपण डॉक्टर शोधतो, हॉस्पिटल शोधतो, ओळखीचं कुणी तिथे आहे का ते पाहतो. हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे महिने मात्र ज्याचे त्याने रेटायचे, असं धरून चालतो. पक्षाघात झालेल्या वडिलांना पुन्हा उभं कसं करायचं? दारू सोडलेला भाऊ परत घसरू नये म्हणून काय करायचं? खारघरला किमोसाठी आलेल्या गावाकडच्या मामांची राहायची सोय कुठे लावायची? यात हात देणाऱ्या संस्था ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत, काही तर चालत जाता येईल इतक्या जवळ. तरीही त्या वेळेवर सापडत नाहीत. त्याचं कारण बहुतेकदा शोधण्याच्या पद्धतीत असतं.

नुसतं ‘एनजीओ’ शोधणं

मोबाइलवर ‘ठाणे एनजीओ’ एवढंच टाकलं की मोठी जाहिरात करणाऱ्या चार संस्था वर येतात. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीतून वीस-वीस वर्षं चालणारं काम तिथे दिसतच नाही, कारण त्यांच्याकडे वेबसाइट सांभाळायला माणूस नसतो. त्यामुळे आधी आपली गरज एका वाक्यात लिहून काढा. उपचार हवे आहेत, सोबत हवी आहे, वस्तू हवी आहे, राहायची जागा हवी आहे की पैसे? या पाच गोष्टींसाठी पाच वेगळी दारं ठोठवावी लागतात. ‘आईला मदत हवी आहे’ असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही सुचत नाही. ‘आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, दोन महिन्यांसाठी वॉकर आणि कमोड खुर्ची हवी आहे’ म्हटलं की समोरचा लगेच नाव सांगतो. रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर देणारी केंद्रं दोन्ही शहरांत आहेत. व्हीलचेअर, वॉकर, वरखाली होणारी कॉट, एअरबेड या वस्तू लोक हजारो रुपये मोजून विकत आणतात आणि मग त्या वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहतात.

विचारायचं कुणाला, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग असतो. त्या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणतात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की वाशीचं महापालिका रुग्णालय, तिथल्या ओपीडीच्या गर्दीत हे टेबल नजरेतून सुटतं. रोज रुग्णांना कुठे ना कुठे पाठवणं हेच त्यांचं काम आहे, त्यामुळे कोणती संस्था खरोखर चालू आहे आणि कोणती फक्त पाटीवर उरली आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. माझ्या मते पहिला प्रश्न तिथेच विचारावा.

दुसरी व्यक्ती म्हणजे आशाताई. शहरी आरोग्य अभियानात साधारण २०० ते ५०० घरांमागे एक आशा आणि ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती, अशी रचना आहे. समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी मिळतो. रक्कम लहान आहे, पण त्या बायकांना गल्लीतलं प्रत्येक घर माहीत असतं. या समित्या मुख्यतः वस्त्यांमध्ये आहेत. घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या माणसाने त्यांचं नावही ऐकलेलं नसतं. मात्र त्याच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला टीबी झाला, तर नेमकी हीच साखळी कामाला येते. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आणि ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदलेल्या व्यक्ती व संस्था पोषण आहाराची टोपली देतात. मावशींना हे सांगायला तुम्हीही पुरेसे आहात.

हद्द न पाहणं

ही चूक आपल्या भागात फार होते. विटाव्यापर्यंत ठाणे महापालिका, तिथून पुढे दिघ्यापासून नवी मुंबई. मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबई. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक पत्त्यात सर्रास ‘नवी मुंबई’ लिहितात, पण १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महापालिकेत आहेत. दिव्यांगांसाठी, ज्येष्ठांसाठी, निराधार महिलांसाठी असलेल्या महापालिकेच्या योजना त्या-त्या हद्दीतल्या रहिवाशांनाच मिळतात. कामोठ्याचा माणूस कागद घेऊन बेलापूरच्या नवी मुंबई महापालिका मुख्यालयात गेला, तर त्याचा अख्खा दिवस वाया जातो. आपल्या महापालिकेचा समाज विकास विभाग कुठे आहे ते आधी पाहा आणि तिथून सुरुवात करा. वाशीतलं दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं ईटीसी केंद्र नवी मुंबई महापालिकेचं आहे, तर मतिमंद मुलांची ‘जिद्द’ शाळा ठाणे महापालिकेची. प्रवेशासाठी रहिवासी पुराव्याचा प्रश्न दोन्हीकडे येतो.

स्वयंसेवी संस्थांना बहुतेकदा अशी हद्द नसते. ठाण्याची संस्था ऐरोलीच्या माणसाला ‘तुम्ही आमच्याकडचे नाही’ असं सहसा म्हणत नाही. म्हणून महापालिकेने नाही म्हटलं तर तिथेच शोध थांबवू नका.

‘तो यायलाच तयार नाही’ म्हणून सगळं सोडून देणं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. घरात दारूचा प्रश्न आहे, किंवा मुलाला स्किझोफ्रेनिया झाला आहे, किंवा आई महिनोन्‌महिने उदास आहे, आणि ती व्यक्ती कुठेही यायला तयार नाही. घरचे मग वाट पाहत बसतात, आणि त्यांची स्वतःची झोप, नोकरी, रक्तदाब सगळं बिघडत जातं.

पहिलं पाऊल रुग्णानेच टाकलं पाहिजे, असा नियम कुठेही नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे एए ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि आज तिच्या बैठका मराठीतही चालतात. फी नाही, नोंदणी नाही, आडनाव सांगायची गरज नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. काही बैठका ‘खुल्या’ असतात, तिथे कुणीही बसून ऐकू शकतं. पण घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाची वेगळी संघटना आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी जणांना माहीत असतं. नवरा प्यायचा थांबलेला नसला तरी बायको तिथे जाऊ शकते. त्याला घरी ठेवून, त्याला न सांगताही. आठवड्यातून एकदा आपल्यासारख्याच चार जणींचं ऐकलं, तर ‘मी काहीतरी चुकले म्हणून तो पितो’ हे मनातलं ओझं हलकं होतं. बाटल्या लपवणं, ऑफिसला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, उसने पैसे फेडत राहणं हे कधी थांबवायचं, तेही तिथे कळतं.

मनाच्या आजारांसाठी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० मध्ये सुरू केली. लोक तिला आयपीएच म्हणून ओळखतात. तिथे पहिल्यांदा जाताना रुग्णाला ओढत न्यायची गरज नाही. आपण स्वतः जाऊन ‘घरात असं घडतंय, मी कसं वागू?’ एवढं विचारता येतं. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं, आणि तो रुग्णाच्या नातेवाइकांसाठीही आहे.

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाबद्दलही बोलायला हवं. १९०१ साली सुरू झालेल्या या संस्थेचं नाव घेतलं की ठाणेकर अजूनही आवाज खाली करतात. त्या भीतीपायी कमी खर्चातले उपचार हातचे जातात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी जाऊन डॉक्टरांना दाखवून, औषधं घेऊन त्याच दिवशी घरी परतता येतं. दाखवायला गेलं म्हणजे भरती करून घेतात, असं नाही.

घाबरून कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्राच्या हवाली करणं

घरचे अगदी थकलेले असतात तेव्हा कुणीतरी नंबर देतो: ‘फोन करा, गाडी येते, माणूस उचलून नेतात.’ इथे थांबा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्थाही मानसिक आजारात मोडतात. म्हणून अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असायला हवी. नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. टाळाटाळ झाली तर परत फिरावं.

माणसाची संमती नसताना भरती करायचं असेल तर कायद्याने पद्धत घालून दिली आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीचा (म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी कायद्याने मान्य असलेल्या व्यक्तीचा, बहुतेकदा घरच्याच कुणाचा) अर्ज लागतो, आणि दोन तज्ज्ञांनी रुग्णाला वेगवेगळं तपासावं लागतं. त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ असावे लागतात. अशी पहिली भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. साखळीने बांधणं पूर्णपणे बेकायदा आहे. ‘पहिले तीन महिने भेटायचं नाही, फोन करायचा नाही’ अशी अट घालणारं केंद्र रुग्णाचा संपर्काचा हक्क नाकारतं आहे. जेवणाची जागा, झोपायची जागा, डॉक्टर येण्याचे वार, हे सगळं स्वतः डोळ्यांनी पाहूनच सही करा. योग्य केंद्र शोधण्यासाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

पैशासाठी उलट्या क्रमाने जाणं

बिल हातात पडल्यावर, डिस्चार्ज झाल्यावर लोक ट्रस्टकडे धावतात. तोवर वेळ गेलेली असते. बहुतेक ट्रस्ट रुग्णाच्या हातात पैसे देत नाहीत. ते हॉस्पिटलच्या नावाने चेक काढतात, तोही उपचार चालू असताना किंवा सुरू होण्याआधी. त्यासाठी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर खर्चाचं अंदाजपत्रक, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून यायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या आजाराचं निदान झालं की पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका.

क्रम असा ठेवा. आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला विचारा. मग धर्मादाय खाटा. धर्मादाय रुग्णालयांना १०% खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १०% खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. चकचकीत काचेची इमारत पाहून हे धर्मादाय असेल असं वाटत नाही, पण ते असू शकतं. त्यानंतरही रक्कम कमी पडली तर ट्रस्टकडे जा. दोन-तीन ट्रस्टना एकाच वेळी अर्ज केला असेल तर प्रत्येकाला ते उघड सांगा. लपवलं आणि नंतर कळलं, तर सगळेच हात आखडता घेतात.

कॅन्सरच्या मुलांसाठी खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्राजवळ सेंट ज्यूडसारख्या संस्था आई-वडिलांसह राहायची सोय करतात. तिथे प्रवेश रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत होतो, थेट दारात जाऊन उपयोग नाही.

आणि पैसे तुम्ही देणार असाल तर? संस्थेचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि छापील पावती मागा. न्यास खरा आहे का, त्याने हिशेब दाखल केलेत का, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तपासता येतं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘तातडीने रक्त हवे’ या संदेशातला पेशंट कित्येकदा कधीच बरा होऊन घरी गेलेला असतो. रक्तासाठी ई-रक्तकोश पोर्टलवर जवळच्या रक्तपेढीतला साठा पाहा.

आजार होईपर्यंत वाट पाहणं

बरं असतानाच ज्यांच्याशी ओळख करून घ्यावी अशाही जागा आहेत. ठाण्यात अंबिका योग कुटीर आणि घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग कित्येक वर्षं चालू आहेत (ऑपरेशन झालं असेल किंवा रक्तदाब असेल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा, आणि गोळ्या मनाने बंद करू नका). अत्रे कट्टा, ब्रह्मांड कट्टा इथे गप्पा आणि व्याख्यानं होतात. नवी मुंबई महापालिकेची विरंगुळा केंद्रं नोडनोडमध्ये (म्हणजे वाशी, नेरुळसारख्या प्रत्येक उपनगरात) आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ तर जवळजवळ प्रत्येक उपनगरात. एकटे राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मुलं परदेशी असतील, तर आईबाबांचं नाव त्यांच्या नोडच्या संघात घालणं हे कॅमेरा बसवण्यापेक्षा जास्त कामाचं, असं मला ठामपणे वाटतं. चार दिवस कट्ट्यावर दिसले नाहीत तर कुणीतरी घरी येऊन बेल वाजवतं.

संस्था सापडली, पण जमत नाही

फोन उचलत नाहीत: कार्यकर्ते बहुतेक नोकरी करून वेळ देणारे असतात. सकाळी अकराला कुणी नसतं. संध्याकाळी सहा ते आठमध्ये फोन करा, किंवा नाव, भाग आणि गरज लिहून मेसेज टाका.

जागा सापडत नाही: मदतगटांच्या बैठका शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा मंदिराच्या सभागृहात भरतात, बाहेर पाटी नसते. निघण्याआधी वार आणि वेळ त्याच आठवड्यात फोन करून पक्की करा. सुट्टीत शाळा बंद असली की जागा बदलते.

पहिल्या बैठकीत अवघडल्यासारखं झालं: अनोळखी माणसांत दुःख बोलणं कुणालाच सोपं नसतं. पहिल्यांदा नुसतं ऐकून आलात तरी चालतं. त्याच कामाचा दुसरा गट दुसऱ्या उपनगरात असतो. डोंबिवली-ठाण्याला जमलं नाही म्हणून नेरुळला जाणारे आहेत, आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबच्या गटात जाणारेही आहेत. दोन्ही चालतं.

यादी भरली आहे असं सांगितलं: प्रतीक्षा यादीत नाव घाला, आणि त्याच फोनवर विचारा, ‘तोवर मी कुणाकडे जाऊ?’ एकाच क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना एकमेकींचे नंबर माहीत असतात.